मे महिन्याची सुट्टी आणि "मला फादर व्हायचंय" : सांगली-साताऱ्याकडच्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठी पण

दरवर्षी पाचारण रविवार झाला की एखादं तरी पोरगं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता हळूच विचारतंच, काका फादर व्हायला काय करायला लागतं. पाचारण रविवार म्हणजे ईस्टरच्या काळातला चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा, १९६४ पासून जगभर त्या दिवशी पाचारणासाठी, म्हणजे फादर-सिस्टर व्हायला देवाकडून येणाऱ्या बोलावण्यासाठी, प्रार्थना होते. फादर प्रवचनात विचारतात तुमच्यातून कोण येणार, पोरं एकमेकाला कोपरानं ढोसतात, मागच्या बाकावर हसाहशी होते, आणि मग परीक्षा संपून सुट्टी लागते, आंबे येतात, मामाचं गाव येतं, आणि विषय तिथंच राहतो.

तर ज्यांच्या डोक्यातून तो विषय जात नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फादर नाही, लग्न झालेला पोराबाळांचा माणूस आहे, सांगलीत नोकरी करतो आणि चर्चमध्ये वेदीसेवकांचं, म्हणजे मिस्सात फादरांना मदत करणाऱ्या पोरांचं, बघतो, त्यामुळं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, गेलेले, जाऊन परत आलेले आणि नुसतं जातो-जातो म्हणणारे असे सगळे नमुने जवळून बघितलेत. माझं म्हणणं एकच आहे, सुट्टीत निर्णय घ्यायच्या भानगडीत पडू नको. सुट्टीत फक्त फादरांचं रोजचं काम जवळून बघ, जमेल तेवढं हातानं कर, आणि तू स्वतः कसा वागतोयस ते बघ. शिबिरात गिटार आणि शेकोटी असताना सगळ्यांनाच पाचारण वाटतं रे, मेच्या दुपारी अडीच वाजता कोणाला वाटतंय ते खरं.

आधी मित्रांचा प्रश्न निपटून टाक

आपल्या भागात कॅथलिक थोडे. मिशन म्हटलं की लोकांना मिरजेचं मिशन हॉस्पिटल आठवतं, ते डॉ. वानलेसांनी १८९४ साली उभं केलेलं, आणि ते प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यांच्या चर्चमध्ये पाळकसाहेब असतात, त्यांना बायको-मुलं असतात. म्हणून वर्गातली पोरं हमखास विचारणार, अरे त्यांचं लग्न होतंय मग तुझं का नाही. वाद घालत बसू नको, त्यांची परंपरा वेगळी, आपली वेगळी, आपल्याकडं फादर लग्न करत नाहीत, एवढंच सांग आणि बॅटिंग घे. पण स्वतःशी मात्र हा प्रश्न टाळू नको. लग्न न करणं म्हणजे काय हे अठराव्या वर्षी पूर्ण कळणार नाहीच, कुणालाच कळत नाही, पण "मुली आवडतात म्हणजे मला पाचारण नाही" असला हिशोब करू नको आणि "मला लग्नाची भीती वाटते म्हणून फादर होतो" असला तर अजिबात नको. पहिलं नॉर्मल आहे. दुसरं असेल तर ते फादरांशी बसून बोलायची गोष्ट आहे.

सकाळची मिस्सा, मधल्या वारची

रविवारची नाही, मंगळवार-बुधवारची. रविवारी गर्दी असते, कॉयर असते, नवे शर्ट असतात. मधल्या वारी दोन सिस्टर, एक रिटायर्ड काका, काठी टेकत येणारी एक आजी आणि बाहेर रिक्षा लावून आलेला एकजण, संपलं. त्या मोजक्या माणसांसाठी फादर तीच मिस्सा तेवढ्याच मनापासून कशी करतात ते बघायला जा. महिनाभर उठून गेलास, सगळी पोरं दहापर्यंत लोळत असताना, तर तुझं तुलाच बरंच काही कळेल.

नुसता बसू नको, आधी पोचून सॅक्रिस्टीत, म्हणजे मिस्साच्या तयारीच्या खोलीत, मदत कर. उन्हाळ्यात तिथं काम वाढतंय. मेणबत्त्या मे महिन्यात मऊ होऊन वाकतात, खिडकीजवळच्या कपाटात ठेवल्या तर दुपारपर्यंत केळ्यासारख्या होतात, त्या भिंतीच्या थंड बाजूला खालच्या कप्प्यात आडव्या ठेवायच्या. धूपदाणीचा कोळसा आयत्या वेळी पेटत नाही, दहा मिनिटं आधी पेटवायचा आणि तो राखाडी झाल्यावरच धूप टाकायचा, नाहीतर नुसता धूर आणि सगळी खोकतात. वेदीवरचा पंखा मिस्साच्या वेळी बंद, कारण चालू ठेवला तर होस्ट, म्हणजे मिस्सातली पातळ गोल भाकर, उडते. म्हणजे बाहेर चाळीस डिग्री, फादरांच्या अंगावर आल्ब नावाचा पांढरा पायघोळ अंगरखा, त्यावर झगा, आणि डोक्यावर बंद पंखा. हे बघितलंस की फादर लोक मेमध्ये प्रवचन छोटं का करतात ते कळतं (सगळे करत नाहीत, असो).

एक गोष्ट मुद्दाम शिकून घे, कॉर्पोरल घडी घालायला. कॉर्पोरल म्हणजे वेदीवर अंथरतात तो चौकोनी पांढरा कपडा, ज्यावर ताटली आणि पेला ठेवतात. तो उभा तीन घड्यांत, मग आडवा तीन घड्यांत, असे नऊ चौकोन पडतात, आणि घडी कायम आतल्या बाजूला, म्हणजे ख्रिस्तशरीराचा (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीचा) एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो. झटकायचा नाही. धुताना पहिलं पाणी गटारात सोडत नाहीत, झाडाच्या मुळाशी मातीत ओततात, मग नेहमीसारखा धुवायचा. पोरं पहिल्यांदा हसतात की एवढ्याशा फडक्याचं एवढं कौतुक कशाला. पण ज्याला ही घडी घालताना घाई होत नाही, त्याच्याकडं मी जरा जास्त लक्ष ठेवतो. वाईनचंही विचारून घे, ती फक्त द्राक्षाची लागते आणि भाकर फक्त गव्हाची, दुसरं काही चालत नाही. तासगावच्या बेदाण्याच्या राज्यात राहून हे आपल्या पोरांना माहिती नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

फादरांच्या मागं फिरायचं

खरा अभ्यास हा. फादरांना सरळ विचार, आजाऱ्यांना कम्युनियन (ख्रिस्तशरीर) द्यायला जाताना मी येऊ का. घरी सांगून, परवानगी घेऊन. बहुतेक फादर हो म्हणतात, मदतीला माणूस हवाच असतो.

पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द आणि तिथली मंडळी, पण आपल्याकडं एका गल्लीत सगळी घरं असा वसईसारखा प्रकार नाही. एक घर विश्रामबागला, एक मिरजेत रेल्वे क्वार्टरला, दोन कुपवाड एमआयडीसीकडं, एक पार तालुक्याच्या गावात जिथं ते एकटंच ख्रिस्ती कुटुंब आहे. कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे, कोणी नगर जिल्ह्यातून आलेले मराठी. फादरांची अर्धी सुट्टी टू-व्हीलरवर जाते. तू मागं बसायचं, हेल्मेट घालायचं, पाण्याची बाटली घ्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. ख्रिस्तशरीर बरोबर असतं तेव्हा वाटेत गप्पा मारत, उसाच्या रसाला थांबत जायचं नसतं. येताना थांबा हवं तर.

एखाद्या घरी आजी असते जिची मुलं पुण्या-मुंबईला. कॉटशेजारी स्टुलावर औषधाचा डबा, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. फादर प्रार्थना म्हणतात, कम्युनियन देतात, हे सगळं दहा मिनिटांत होतं. पण मग आजी बोलायला लागते. नवऱ्याची नोकरी, धाकट्याचं लग्न, जावयाचा स्वभाव, आणि गेल्या आठवड्यात सांगितलेलंच सगळं परत त्याच क्रमानं. फादर मान हलवत ऐकतात, मधेच "मग काय झालं" पण विचारतात, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. तू बघ तुला काय होतंय. कंटाळा येईल. येऊ दे, फादरांनाही येत असेल, त्याचं काही नाही. पुढच्या आठवड्यात तू परत जातोस का, आजीचं नाव तुला आठवतं का, मधे कधी मनात येतं का की आजीचं बीपी कसं असेल, ते महत्त्वाचं.

दफनविधी आला तर तोही बघ. लहान मुलांना नेऊ नका म्हणतात लोक, पण सतरा-अठराचा असशील तर जा. भर उन्हात कबरीजवळ घरातली बाई आक्रोश करत असताना फादर काय बोलतात, किती कमी बोलतात. आणि त्याच संध्याकाळी त्यांची कुणाच्या तरी साखरपुड्याला प्रार्थना असते. हा जो सांधा बदलायला लागतो ना दिवसातनं दोन-तीनदा, ते मला या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं, प्रवचनबिवचन त्यापुढं सोपं.

आणि ऑफिस. कुणाला वाटतं फादर म्हणजे दिवसभर प्रार्थना. अरे लाईटबिल आहे, गळणारं छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त करायचं आहे, शाळा असेल तर शाळेची कटकट वेगळी. बाप्तिस्म्याचं रजिस्टर एकदा दाखवा म्हणून विनंती कर, तुझी स्वतःची नोंद बघ. तुझ्या नावासमोर जागा सोडलेली असते, तिथं पुढं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार, झालं की लिहितात, लग्न झालं तर ते लिहितात, आणि गुरूदीक्षा, म्हणजे फादर व्हायचा विधी, झाली तर तीही तिथंच लिहितात.

सुट्टीत बाकी काय काय

मे हा मरियेचा महिना, संध्याकाळी घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, तिथं पोरं गोळा करायचं काम घे. धर्मशिक्षणाचं उन्हाळी शिबिर असेल तर लहान मुलांचा एक गट मागून घे, सात-आठ वर्षांची पंधरा पोरं तासभर सांभाळलीस की कुठल्याही धर्मशास्त्राच्या पेपरपेक्षा जास्त शिकशील. महाबळेश्वर-पाचगणीकडचा असशील तर तुमच्याकडं सीझन असतो, महाबळेश्वरच्या होली क्रॉस चर्चमध्ये बाहेरगावची माणसं मिस्साला येतात, त्यांच्यात एखादे सुट्टीवरचे फादर भेटले तर लाजू नको, विचार की तुम्ही कसे गेलात म्हणून. क्रिकेट सोडू नको, पोहायला जा, आजोळी जा, घरी भांडी घास. ज्याला स्वतःच्या आईला मदत करायला जड जातं तो पॅरिशची सेवा काय करणार, हे माझं स्पष्ट मत.

रोज रात्री दोन ओळी लिहून ठेव. भक्तिभावानं ओथंबलेलं काही नको, नुसतं आज कशानं बरं वाटलं आणि ते किती वेळ टिकलं. ही आयडिया माझी नाही, लोयोलाच्या संत इग्नेशियसची म्हण. तो स्पेनचा सरदार, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय फुटला, महिनोन्महिने अंथरुणात. वाचायला हवी होती पराक्रमाची पुस्तकं, घरात निघाली ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्राची. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की सरदारकीची, बड्या घरच्या बाईची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर सगळं कोरडं वाटतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की तो विचार संपल्यावरसुद्धा मन शांत राहतं. पुढं १५४० साली त्याच्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली, ते नंतरचं. तू दोन महिन्यांच्या त्या ओळी जूनमध्ये वाच, कुठलं बरं वाटणं टिकलंय आणि कुठलं दुसऱ्या दिवशी उडालंय ते दिसेल.

कुणाला विचारायचं, काय विचारायचं

पहिले आपले पॅरिशचे फादर. ते पुढं धर्मप्रांताच्या (एका बिशपांच्या हाताखालच्या भागाच्या) पाचारण विभागाच्या फादरांशी गाठ घालून देतात. सातारा-सांगली आपण पुणे धर्मप्रांतात येतो. धर्मप्रांतीय फादर झालास तर तुझे वरिष्ठ म्हणजे पुण्याचे बिशप, आणि बदल्या साधारण याच धर्मप्रांतात, ब्रह्मचर्य आणि बिशपांशी आज्ञाधारक राहायचं वचन. संघात गेलास, म्हणजे जेज्वीट, सालेशियन, कपुचिन वगैरे, तर गरिबीचं, ब्रह्मचर्याचं, आज्ञापालनाचं अशी तीन व्रतं, आणि पाठवतील तिकडं. जेज्वीटांचं नगर भागात जुनं काम आहे, सालेशियन म्हणजे डॉन बॉस्कोवाले, पोरांमध्ये काम करणारे. झगा कुणाचा भारी दिसतो यावरनं ठरवू नको, काम कुठलं आवडतं यावरनं ठरव.

आणि ब्रदर, म्हणजे व्रतं घेऊन संघात राहणारा पण फादर नसलेला, हा पण एक रस्ता आहे हे कुणी सांगतच नाही. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया फादर नव्हता, फ्रान्सिस्कन ब्रदर होता, त्याआधी जपानमध्ये व्यापार करायचा, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. मुलींनो, तुमचं बोलणं सिस्टरांशी, बाकी या लेखातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहेच.

वेळ किती लागतो? बारावीनंतर गेलास तर नऊ-दहा वर्षं धर. आधी तयारीचं एखादं वर्ष, मग तत्त्वज्ञान, मधे पॅरिश किंवा शाळेत प्रत्यक्ष काम, मग ईशज्ञान म्हणजे धर्मशास्त्र, मग डीकन म्हणजे फादरच्या आधीची पायरी, मग गुरूदीक्षा. चर्चच्या कायद्यानं पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही, डीकन आणि फादर यात निदान सहा महिने जावे लागतात. पुण्याला नगर रोडवर पेपल सेमिनरी आहे, ती पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू केली होती, १९५५ ला पुण्याला आली. फादरांना सांग फोन करून परवानगी घ्या, आणि मिरजेहून गाडी धरून एकदा बघून ये. आतली पोरं कपडे धुतात, फुटबॉल खेळतात, परीक्षेला घाबरतात हे बघितलं की अर्धी भीती जाते.

मार्कांची चिंता करणाऱ्यांसाठी, जॉन व्हियानी नावाचा शेतकऱ्याचा पोरगा होता फ्रान्समध्ये, लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना, सेमिनरीत नापास, कसाबसा १८१५ मध्ये फादर झाला. पाठवलं त्याला आर्स नावाच्या खेड्यात, आणि तिथं कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, माणसांची एवढी रीघ लागली की तो दिवसाचे दहा-दहा बारा-बारा तास त्या खुर्चीत बसायचा. आज तो सगळ्या पॅरिश फादरांचा आश्रयदाता संत आहे, ४ ऑगस्टला त्याचा सण. याचा अर्थ अभ्यास सोड असा नाही हं, इंग्रजी मात्र या सुट्टीत सुधार, पुढचं शिक्षण बरंचसं इंग्रजीत असतंय आणि आपली मराठी मीडियमची पोरं पहिल्या वर्षी तिथंच गप्प होतात.

कागदपत्रांचं काम सुट्टीतच उरक. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, आईवडलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, शाळेचे मार्कलिस्ट आणि एल.सी., पॅरिश फादरांचं पत्र, मेडिकल. बाप्तिस्मा गावाकडं झाला असेल तर तिथल्याच चर्चमधून दाखला आणावा लागतो, तेव्हा आजोळी जातोयस तर तेव्हाच आण. दृढीकरण झालं नसेल तर आधी ते. आणि नावं बघ! आपल्यात घरी एक नाव, शाळेत दुसरं, बाप्तिस्म्याला तिसरं, आधारवर स्पेलिंग चौथंच. ही गाठ आत्ताच सोडवायला घे, जूनमध्ये सेतू केंद्रात रांग कुठपर्यंत असते ते तुला माहितीय.

आता आईबाबांनो, तुमच्यासाठी

पोरानं विषय काढला तर दोन गोष्टी करू नका. लगेच पेढे वाटून सगळ्या नातेवाईकांना सांगू नका, कारण मग उद्या त्याचं मन बदललं तर त्याला परतीचा रस्ता राहत नाही. आणि "एकुलता एक आहेस, म्हातारपणी आम्हाला कोण" हे पहिल्याच दिवशी काढू नका. प्रश्न खरा आहे, तो फादरांसमोर शांतपणे काढा. घरची परिस्थिती बेताची असेल तर तेही आधीच मोकळेपणानं सांगून टाका, लपवून नंतर ओढाताण नको.

शिबिराला पाठवताना चौकशी करा, त्यात लाज कसली. राहायची सोय कुठं, बरोबर मोठी माणसं किती, एकाहून जास्त आहेत का, फोन लावता येतो का. मूल कुणाच्याही, अगदी फादरांच्याही, खोलीत एकटं दार लावून नसावं, हा नियम चांगल्या ठिकाणी आधीच असतो, नसेल तर पाठवू नका. पोरगं काही विचित्र बोललं तर त्याचं ऐका, चर्चचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसवू नका, पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे.

दहावीनंतर लगेच की बारावीनंतर की डिग्री करून, यावर मी बारावी किंवा डिग्रीच्या बाजूनं. जरा जग बघितलेलं पोरगं आत टिकतं असं माझं निरीक्षण, फादर लोकांत यावर मतं वेगवेगळी आहेत.

आत जाऊन वर्ष-दोन वर्षांत परत आलेल्या पोराला "पळून आला" म्हणायची आपल्याकडं घाण सवय आहे. तो काळ तपासून बघायचाच असतो, तेही बघतात, हाही बघतो. असा पोरगा तुमच्या पॅरिशमध्ये असेल तर रविवारी त्याला वाचनाला उभा करा, कॉलेजच्या ॲडमिशनला मदत करा, बाकी चौकशा करू नका.

आणि पोरा, तुझं मन झालेलं असो की नसो, ॲडमिशनचा फॉर्म भरायचाच. अकरावीचं २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, सांगली-सातारा सगळं आलं त्यात, निकाल लागल्यावर "मी तर सेमिनरीत जाणार" म्हणून बसून राहिलास आणि तिकडून पुढच्या वर्षी या म्हणाले तर वर्ष फुकट. फॉर्म भर, पावतीची प्रिंट काढ, फाईलमध्ये बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारीच ठेव.